पाठीशी इंजिन असताना

गेल्या दिवाळीत आम्ही मामा-भाचे गच्चीवर आकाशकंदिलाची दोरी बांधीत होतो. भाचा स्टुटगार्टजवळ मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तीन वर्षांनी घरी आला होता. आश्विनातले ऊन चांगलेच चढले होते. दोरीचे टोक माझ्या हातात देऊन हा गृहस्थ मध्येच वर पाहत उभा राहिला. समोरच्या गोदामाच्या पत्र्यांवर एक घार गोल गोल फिरत चढत होती. पंख ताठ पसरलेले. शेपूट तेवढी सुकाणूसारखी जराशी इकडेतिकडे वळायची.

“मामा, सेकंदाला दीड मीटर तरी चढते आहे,” तो म्हणाला.

“तुला रे काय ठाऊक?”

“तेच तर शिकतो आहे चार वर्षं.”

अशा रीतीने मला कळले की आमचे चिरंजीव शनिवार-रविवारी विनाइंजिनाची विमाने उडवीत असतात. ‘आईला एवढ्यात सांगू नका,’ अशी पुस्तीही त्याने जोडली. (आता ताईला कळले आहे आणि तिचा रागही ओसरला आहे, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करतो.)

त्या दुपारी कंदील तसाच राहिला. भाच्याने त्याच्या क्लबातला एक जुना वाद सांगितला आणि तो मला फार आवडला. ग्लायडरला इंजिन असावे की नसावे? प्रश्न सोयीचा नव्हे, कसोटीचा. खरा वैमानिक कोण, निखळ ग्लायडर उडवणारा, की पाठीशी इंजिन बाळगून उडणारा? ह्यावरून तिकडची वडीलधारी माणसे कॉफीच्या टेबलावर एकमेकांशी अबोला धरतात म्हणे. गवयाला पेटीची साथ असावी की नुसते तंबोरे पुरेत, ह्यावर आपल्याकडे काय कमी वाद झाले? तेव्हा आपण तरी हसू नये.

मला स्वतःला ह्या विषयाचा अनुभव आहे तो अवघ्या सहा मिनिटांचा. कॉलेजात असताना, म्हणजे पंचवीसएक वर्षांपूर्वी, एका मित्राने पैजेवर मला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर नेले. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला विंच होती. तिचा लांबलचक पोलादी दोर आमच्या ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवला. एक पोरगा पंखाचे टोक धरून चार पावले पळाला, आणि पुढच्या क्षणी कोणी पाठीवर निजवल्यासारखे होऊन मी आभाळाकडे तोंड करून चढू लागलो. मिनिटभराच्या आत हजारेक फूट! मग खट् असा आवाज झाला, दोर सुटला, नाक खाली आले, आणि वाऱ्याची सलग सळसळ तेवढी उरली. मागच्या आसनावरचे शिक्षक म्हणाले, “आता आपल्याजवळ फक्त उंची आहे. ती जपून खर्चायची.”

महिन्याच्या पंचवीस तारखेला घरोघरी जे वाक्य ऐकू येते, तेच मी आकाशात ऐकले. ती उंची आम्ही सहा मिनिटांत खर्चून बसलो आणि खाली आलो.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे आपल्या देशात जी ग्लायडरे तयार झाली, त्यांना अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा अशी नावे दिली गेली. पंचांग उघडून बसलेल्या कोणा रसिक इंजिनिअराचे हे काम असावे. ‘रोहिणी’त शिक्षक आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. नक्षत्रांच्या यादीत पुनर्वसूपर्यंत मात्र आपण पोहोचलो नाही.

उंची खर्चायची म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. ग्लायडर हवेत सतत खाली घसरतच असते. चांगल्या आधुनिक ग्लायडरची घसरण शांत हवेत एकास चाळीस किंवा त्याहूनही थोडी असते. म्हणजे एक किलोमीटर उंची गमावताना ते चाळीस किलोमीटर पुढे जाते. एवढ्यावर भागत नाही. पुन्हा उंची कमवावी लागते, आणि ती कमवायची हवेतूनच. उन्हाने नांगरट, कातळ, पत्र्याची छपरे तापतात, त्यांच्यावरची हवा तापून वर चढू लागते. ह्या चढत्या झोताला थर्मल म्हणतात. ग्लायडर सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर खाली जात असेल आणि झोत दोन मीटरने वर जात असेल, तर वरची शिल्लक वैमानिकाची. झोत डोळ्यांना दिसत नाही. माथ्यावर कापसाच्या पुंजक्यासारखा ढग धरलेला असला, किंवा एखादी घार फिरत असली, की त्याचा पत्ता लागतो. बाकी सारे तर्काने. चढ-उतार दाखवणारे व्हेरिओमीटर नावाचे यंत्र समोर असते, पण ते आपण जिथे आहोत तिथले सांगते. जिथे जायचे तिथले कोण सांगणार?

आणि तर्क चुकला तर? तर खाली कोणाचे तरी शेत असते. त्यात उतरायचे, टेलिफोन करायचा, मित्रांनी ट्रेलर घेऊन यायचे, पंख काढून विमान त्यात भरायचे आणि मध्यरात्री घरी पोहोचायचे. निखळ ग्लायडरवाल्यांचा सारा अभिमान ह्या एका शक्यतेवर उभा आहे. चुकलात तर उतरावे लागेल. मधला मार्ग नाही.

गंमत अशी की ज्याने जगाला इंजिनाचे विमान दिले, त्यालाही ह्या खेळाची ओढ सुटली नाही. ऑर्व्हिल राइट १९११ च्या ऑक्टोबरात पुन्हा किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकड्यांवर गेला आणि विनाइंजिनाच्या विमानातून ९ मिनिटे ४५ सेकंद वाऱ्यावर तरंगत राहिला. हा विक्रम दहा वर्षे टिकला. तो मोडला जर्मनांनी, आणि त्यामागे हौसेपेक्षा नाइलाज होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीतल्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली. तेव्हा कॉलेजातली पोरे लाकूड, कापड आणि सरस घेऊन र्‍होन भागातल्या वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमू लागली. १९२० साली तिथे पहिली स्पर्धा झाली. दोनच वर्षांनी, १९२२ च्या ऑगस्टात, हानोव्हरच्या विद्यार्थ्यांचे ‘व्हाम्पीर’ घेऊन आर्थुर मार्टेन्स तासाभराहून अधिक काळ वर राहिला, आणि त्याच महिन्यात त्याच विमानातून त्याचा सहकारी हेन्ट्‌सेन तीन तास. ज्यांना इंजिन मिळत नव्हते, त्यांनी इंजिनाशिवाय उडण्याचे शास्त्र घडवले!

पुढे ह्या खेळात माणसाचे कसब तेवढे मोजावे, यंत्राचे मोजू नये, असा एक विचारही निघाला. १९४० च्या ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंग यायचे होते, आणि सर्वांनी एकाच जातीचे ग्लायडर उडवावे असे ठरले होते. १९३९ साली इटलीत चाचण्या होऊन हान्स याकोब्सचे ‘माइझे’ हे विमान निवडले गेले. महायुद्ध सुरू झाले, ऑलिंपिकच झाले नाही, आणि ती कसोटी राहून गेली ती राहूनच गेली.

इंजिनाचा शिरकाव मात्र त्याआधीच झाला होता. १९३५ साली इंग्लंडमध्ये कार्डेन आणि बेन्स ह्या जोडीने एका ग्लायडरच्या पाठीत व्हिलियर्सचे २४९ सीसीचे इंजिन बसवले. मोटारसायकलीला शोभेल एवढेच ते. काम झाले की आत मिटून ठेवायचे. आज ह्याचे नाना प्रकार आहेत. काही इंजिने विमानाला जमिनीवरून उचलू शकतात. काही इतकी दुबळी, की उचलू शकत नाहीत, पण हवेत झोत सापडेनासा झाला तर घरापर्यंत पोहोचवू शकतात. मिटलेले असताना बाहेरून पाहणाऱ्याला इंजिन आहे हे कळतही नाही. हल्ली स्लोव्हेनियात निघालेली विजेची पद्धतही आली आहे. नाकावर घडी होणारा पंखा. बटण दाबले की काही सेकंदांत फिरू लागतो.

“मग ह्यात कसब कुठे राहिले?” मी भाच्याला विचारले. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मी आपोआप सोवळ्या पक्षात जाऊन बसलो होतो.

तो हसला. “मामा, आमचे म्हातारबुवाही हेच म्हणतात.”

सोवळ्या पक्षाचे म्हणणे खोटे नाही. पुढे वीस किलोमीटर जंगल पसरलेले आहे, उतरायला जागा नाही, आणि उंची जेमतेम आहे. निखळ ग्लायडरवाला वळसा घालील, अर्धा तास गमावील. इंजिनवाला सरळ जंगलावर शिरेल, कारण त्याच्या पाठीशी कोणीतरी आहे. दोघे एकाच स्पर्धेत असतील तर हा न्याय झाला का? नियमांनी ह्याला उत्तर दिले आहे. स्पर्धेत जिथे इंजिन सुरू केले, तिथेच तुम्ही उतरलात असे धरतात. लबाडी करू म्हणाल तर तीही चालत नाही. पूर्वी विमानात काजळी धरलेल्या पत्र्यावर उंचीची रेघ ओढणारे, पंचांनी मोहोर केलेले यंत्र असे. आता जे नोंदयंत्र असते ते जागा आणि उंची तर टिपतेच, पण जवळचा आवाजही शून्य ते ९९९ ह्या आकड्यांत टिपत राहते. इंजिन सुरू झाले की आकडा उसळतो आणि चुगली करतो. परंतु सुरू न केलेल्या इंजिनाने जो धीर दिला, तो कोणत्या यंत्राने मोजायचा? तो टिपणारे नोंदयंत्र निघालेले नाही.

उलट बाजूही आहे आणि ती मला आधी सुचली नव्हती. इंजिनाचे ओझे जन्मभर वाहावे लागते. स्पर्धेतले वैमानिक पंखांत पाणी भरून घेतात, कारण जड विमान जोरकस हवेत वेगाने जाते. झोत क्षीण झाले की तोटी उघडून पाणी सोडून देतात. इंजिन असे सोडून देता येत नाही. शिवाय त्याला माघार लवकर घ्यावी लागते. निखळ ग्लायडरवाला खालचे शेत हेरून ठेवतो आणि तेवढ्या पुंजीवर बराच खाली येईपर्यंत झुंजतो. इंजिनवाल्याला इंजिन बाहेर काढायला, सुरू करायला उंची लागते. आणि ते सुरू झाले नाही तर उतरायला आणखी लागते. म्हणून त्याची झुंज दोन-तीनशे फूट आधीच संपते.

विक्रमांच्या वहीतून निकाल लागेल म्हणावे, तर तीही दोन्हीकडे बोलते. २५ एप्रिल १९७२ रोजी हान्स-व्हेर्नर ग्रोसे हा जर्मन वैमानिक ल्युबेकहून निघाला आणि फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर बियारित्झला उतरला. १४६० किलोमीटर! त्याच्या एएसडब्ल्यू १२ ह्या विमानाला इंजिन तर नव्हतेच, पण उतरताना वेग मारायला पंखांवर ब्रेकही नव्हते. शेपटीतली एक छत्री तेवढी होती. आणि २१ जानेवारी २००३ रोजी क्लाउस ओल्मान ह्याने अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या कडेने उठणाऱ्या हवेच्या लाटांवर ३००९ किलोमीटर कापले, ते निम्बस ४डीएममधून. त्याच्या पोटात इंजिन मिटून ठेवलेले होते. ओल्मानचे कसब इंजिनामुळे कमी भरते असे म्हणायची कोणाची छाती होईल? माझी तर नाही.

इंजिनवाल्यांनाही ह्या विद्येचा उपयोग होतो, ह्याचा दाखला २३ जुलै १९८३ चा आहे. कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधन ४१ हजार फुटांवर संपले. पौंड आणि किलोग्राम ह्यांचा घोटाळा झाला होता. दोन्ही इंजिने मुकी झाली. कप्तान रॉबर्ट पीअर्सन सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवणारा. गिम्ली इथल्या जुन्या धावपट्टीपाशी पोहोचला तेव्हा उंची जास्त झाली होती. त्याने ते अजस्र धूड ग्लायडरसारखे एका कुशीवर कलवून तिरपे घसरवले, उंची मारली आणि खाली टेकवले. आतली ६९ माणसे वाचली.

हे सारे ऐकून मी भाच्याला म्हटले, “तू कोणत्या पक्षाचा?”

त्याने उत्तर दिले नाही. कंदिलाच्या झिरमिळ्या सारख्या करीत त्याने जे सांगितले, ते असे.

मागच्या उन्हाळ्यात तो क्लबाचे मदतीच्या इंजिनाचे एकासनी विमान घेऊन तीनशे किलोमीटरच्या त्रिकोणी फेरीवर निघाला होता. सोन्याच्या बिल्ल्यासाठी एवढे अंतर लागते. तोपर्यंतची उड्डाणे सारी निखळ ग्लायडरवरची होती. ह्या विमानातून दूर जाण्याची ही पहिलीच वेळ. २७० किलोमीटर झाले. संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, ढग विरघळत चाललेले, उंची साडेचारशे मीटर, घर तीस किलोमीटरवर आणि मध्ये जंगल. “एरवी मी आधी शेत शोधलं असतं. त्या दिवशी मी जंगलाकडे पाहत राहिलो. इंजिन आहे, मग काय, असा विचारही मी केला नाही मामा. तो माझ्याआधीच कोणीतरी करून ठेवला होता.”

जंगलाच्या काठावर कुठेही झोत लागेना. तीनशे मीटर राहिले तेव्हा त्याने इंजिन बाहेर काढले. अशा इंजिनाला किल्ली नसते. सिलिंडरमधला दाब सोडणारी तार ओढून धरायची, नाक खाली करून वेग वाढवायचा, वाऱ्याने पंखा फिरू लागला की तार सोडायची. त्याने सोडली. इंजिन दोनदा खोकले आणि थांबले. पुन्हा नाक खाली, पुन्हा तार. पुन्हा तेच. आता दोनशे मीटरही नव्हते. बाहेर उभे राहिलेले बंद इंजिन म्हणजे वाऱ्यात उघडलेली छत्री. एकास चाळीसची घसरण निम्म्याच्याही खाली आली होती. आवाक्यात एकच शेत उरले, कापलेल्या जवाचे, उताराचे. त्यात तो उतरला. चाकाचे झाकण मोडले. बाकी काही नाही.

“कळल्यावर हसाल. पेट्रोलची तोटी बंद होती. निघण्यापूर्वी तपासायची ती मीच विसरलो. नळीत उरलेलं थेंबभर पेट्रोल दोनदा खोकलं, एवढंच.”

मी हसलो नाही.

ट्रेलर घेऊन आले ते क्लबातले म्हातारबुवा. साठ वर्षे ग्लायडर उडवीत आहेत आणि इंजिनाला हात लावलेला नाही. आता ऐकवतील, अशी भाच्याची अपेक्षा. त्यांनी बाहेर उभे असलेले इंजिन पाहिले, तोटी पाहिली, ती उघडून पुन्हा बंद केली. ते म्हणाले, “इंजिन नसतं तर हे शेत तू दीडशे मीटर आधी निवडलं असतंस. इंजिन असताना ते दोनशे मीटर आधी निवडावं लागतं.” आणि पंखाचा पिन काढायला लागले.

सोवळ्या पक्षाच्या पुढाऱ्याने इंजिनवाल्यांसाठी ह्यापेक्षा कडक नियम सांगितला नसता. मी त्यावर पुष्कळ विचार केला. निखळ ग्लायडरात हवेची पारख करावी लागते, आणि ती परीक्षा सोपी नव्हे. पण निसर्गच पर्यवेक्षक असल्याने कॉपी करता येत नाही. इंजिन असलेल्या ग्लायडरात उत्तरपत्रिका खिशात असते. ती नाहीच असे समजून पेपर सोडवायचा! माझ्या विद्यार्थ्यांत असे मला आजवर दोन-तीन सापडले असतील. मला विचाराल तर नवशिक्याला पहिली परीक्षा द्यावी आणि दुसरी फार उशिरा द्यावी. भाच्याच्या क्लबाने तेच केले. पुढचे दोन महिने त्याला जुन्या, इंजिन नसलेल्या दोन आसनी विमानात बसवले, आणि मागच्या आसनावर म्हातारबुवा.

निखळ ग्लायडरवाल्यांची आणखी एक गोष्ट मला भावली. त्यांच्यातला कोणी एकटा उडतच नाही. विंचवर एक जण, पंखाच्या टोकाशी एक जण, कुठे शेतात अडकले तर ट्रेलर घेऊन येणारे दोघे. स्वतःच्या इंजिनावर उठणाऱ्याला कोणाची गरज नाही, आणि घरी परतल्यावर विमान पुसायलाही तो एकटाच असतो, असे भाचा म्हणाला.

एव्हाना खालून ताईच्या दोन हाका येऊन गेल्या होत्या. फराळाच्या ताटांची मांडामांड चालू होती. उठता उठता भाच्याने मोबाइल काढून त्या दिवसाची नोंद मला दाखवली. उपग्रहातून घेतलेल्या नकाशावर लाल रेघ. जिथे जिथे झोत सापडला तिथे वेटोळी, मध्ये सरळ पट्टे. खालच्या बाजूला आवाजाचे आकडे. शेवटाकडे ते किंचित उचलले होते आणि पुन्हा खाली बसले होते.

“आणि हे बघा,” तो म्हणाला. “शेताकडे वळताना मला डावीकडे एक घार दिसली. तिकडच्या लाल घारी असतात, आपल्यापेक्षा जरा मोठ्या. कोणी ट्रॅक्टरने शेत नांगरत होतं, त्याच्यावर ती फिरत होती. एकदाही पंख न हलवता वर चालली होती. आणि मी तार ओढतोय!”

“कुठे होती?”

त्याने बोट ठेवले. त्या जागी लाल रेघ नव्हती. रेघेच्या डावीकडे बोटभर अंतरावर नकाशात एक तपकिरी चौकोन होता.